आमची वाटचाल : पट्टी लावून निवडलेली पुस्तकं

आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकात एक कार्ड असतं, हे जुन्या ग्राहकांना सांगायला नको. बांधणी कशी, आराखडे किती आणि कोणत्या प्रमाणात, घडीचे तक्ते (घडी घालून बांधलेली आराखड्यांची मोठी पानं) किती, त्यातला फाटलेला कोणता, सूची आहे की नाही, हे सगळं त्यावर हाताने लिहिलेलं असतं. खरी रेल्वे आणि मॉडेल रेल्वे सोडून दुसऱ्या विषयाचं पुस्तक आम्ही ठेवलं नाही, आणि न उघडता एकही विकलं नाही. हा धंदा त्या कार्डावर उभा राहिला आणि त्या कार्डापायीच एकदा बुडायला आला.

कार्ड ही आमच्या पहिल्या भागीदारांची कल्पना. त्यांची उमेदीची सगळी वर्षं ड्रॉइंग बोर्डापाशी गेली होती. पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ आणि प्रस्तावना राहू द्यायचे आणि थेट पहिला आराखडा काढायचे. टेबलावर तीन वस्तू: अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी, टोकदार डिव्हायडर आणि दहा पटीचं भिंग. प्लॅस्टिकची पट्टी ते चालवून घेत नसत. ती जाड असते, खूण कागदापासून वर राहते आणि डोळा जरासा तिरका झाला तरी माप सरकतं.

डिव्हायडर आधी आराखड्याखालच्या प्रमाणपट्टीवर उघडायचा आणि मग व्हीलबेसवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधल्या अंतरावर. शेजारी ‘४ मिमी = १ फूट’ छापलंय म्हणून विसंबायचं नाही. पानात बसावं म्हणून चित्र लहान केलं जातं, शब्द मात्र तसेच राहतात. प्रमाणपट्टी चित्राबरोबर आकसते, म्हणून भरवसा तिचाच. नऊ फूट व्हीलबेसची वाघीण या प्रमाणात ३६ मिमी भरायला हवी. ३४.५ भरली तर आराखडा चार टक्क्यांनी लहान झालाय. झेरॉक्सला १०४ टक्के लावा आणि आलेल्या प्रतीवर उभं-आडवं दोन्ही माप पुन्हा घ्या, कारण काही यंत्रं एका दिशेने जास्त ताणतात. ओओ, एचओ आणि ओ गेज ही मॉडेलची प्रमाणं. ओओचा (४ मिमी = १ फूट) आराखडा एचओसाठी (३.५ मिमी = १ फूट) हवा असेल तर ८७.५ टक्के, एचओचा ओओसाठी ११४.३. ओ गेजचा (७ मिमी = १ फूट) आराखडा ओओला ५७.१. ही टक्केवारी कार्डाच्या पाठीमागे आजही छापलेली असते.

भिंगाचं काम वेगळं. छापील पानावरून पुन्हा छापलेल्या फोटोत ठिपक्यांवर ठिपके बसतात आणि तिरपे पट्टे उमटतात. रिव्हेट, ब्रेकच्या दांड्या, पायऱ्यांचे आधार असं बारीक सगळं त्यात बुजतं. वाचणाऱ्याला एरवी फरक पडणार नाही, पण बांधणाऱ्याच्या दृष्टीने ते पान वाया गेलं.

सुरुवातीपासूनचे आमचे एक ग्राहक ओ गेजमध्ये वाघिणी बांधतात. पुस्तक मागवताना त्यांचे प्रश्न ठरलेले: छपराचा फोटो आहे का, टोकाकडच्या बाजूचा आहे का, खालच्या बाजूचा आहे का? उन्हात तिरप्या कोनातून काढलेले इंजिनांचे देखणे फोटो कुठल्याही अल्बममध्ये मिळतात. छप्पर पुलावरूनच दिसतं, आणि पुलावर उभं राहून मालगाडीचा फोटो काढणारे थोडेच. पुस्तक पोचलं की ते आमचं कार्ड लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवतात. कुठे तक्त्याचा क्रमांक चुकीचा छापलेला असतो, कुठे फोटोखाली दिलेल्या तारखेला ते इंजिन भंगारात निघालेलं असतं. त्या लाल शाईची दुसऱ्या प्रतीच्या कार्डात भर पडते.

आता ज्याबद्दल आजवर जाहीर बोललो नव्हतो ते. बाजारात एक नवा विक्रेता आला. स्वामित्वहक्क संपलेले इंजिन बांधणीचे जुने ग्रंथ स्कॅन करायचे आणि मागणी येईल तशी एकेक प्रत छापायची, हा त्याचा धंदा. त्यात गैर काही नाही. मूळ प्रती दुर्मिळ असतात, महाग असतात, आणि मजकूर लोकांपर्यंत पोचणं चांगलंच. पण पुस्तकाखाली वर्णन आमच्या कार्डावरचं होतं, शब्दन् शब्द! ‘तक्ते चौदा, सर्व घडीचे, पूर्ण’ हे आम्ही मूळ प्रत उघडून, एकेक घडी सोडवून लिहिलेलं होतं. त्याच्या प्रतीत एकही घडी नव्हती. स्कॅन करणाऱ्याने तक्ता उलगडलाच नाही, मिटलेल्या घडीचंच चित्र घेतलं. धुराड्यापासून बॉयलरच्या तिसऱ्या पट्ट्यापर्यंत इंजिन दिसतं आणि तिथे पान संपतं. फायरबॉक्स नाही, फूटप्लेट नाही, टेंडर नाही. शिवाय स्कॅन निव्वळ काळं-पांढरं, मधल्या करड्या छटा नाहीत. त्यामुळे बारीक मापरेषा तुटलेल्या आणि तीन अष्टमांश की पाच अष्टमांश, ते कळत नाही. पान मुळापेक्षा लहान, पण ‘१ इंच = १ फूट’ ही ओळ जशीच्या तशी.

फसलेले लोक तक्रार घेऊन आमच्याकडे आले, कारण ते शब्द ते आमचे म्हणून ओळखत होते. दुसरीकडे किमतीच्या फरकाने मूळ प्रती आमच्याकडे पडून राहिल्या. प्रकाशकांनी उधारी बंद केली, गोदाम सोडावं लागलं, भागीदारांनी आपला वाटा उचलला नाही. त्या विक्रेत्याला लिहिलेल्या पत्रांना उत्तर आलं नाही. शेवटी त्या ओ गेजवाल्या गृहस्थांनी मॉडेल प्रदर्शनात दोन्ही प्रती शेजारी-शेजारी एकाच तक्त्यावर उघडून ठेवल्या आणि बाजूला पोलादी पट्टी. त्यानंतर मागणी परतली. आमची वाक्यं मात्र त्याच्या सूचीत अजून आहेत, आणि त्याचा सल अजून आहे.

पुनर्मुद्रण घेताना म्हणून एवढं कराच. अनुक्रमणिकेतली तक्त्यांची यादी काढा आणि शेवटचा तक्ता आधी शोधा, कारण घडीचे तक्ते बहुधा शेवटी बांधतात आणि गळतात तेही शेवटचेच. आराखड्याची चौकट चारही बाजूंनी दिसते का पाहा. एक बाजू नसेल तर तो मिटलेल्या घडीचा फोटो आहे.

पुढची वर्षं बरी गेली. पुस्तकं येत राहिली, कार्डं लिहिली जात राहिली.

नव्या ग्राहकांची सगळ्यात जास्त मागणी मांडणीच्या, म्हणजे ट्रॅक प्लॅनच्या पुस्तकांना. न विचारता एक सांगतो: त्यातला प्रत्येक पूल आधी मोजा. एचओमध्ये खालच्या रुळाच्या माथ्यापासून वर ७५ मिमी मोकळी जागा हवी. वरच्या रुळाची आणि पाटाची जाडी धरली की चढ सुमारे ९ सेंमी होतो. दोन टक्क्यांच्या चढाला त्यासाठी साडेचार मीटर लांबी लागते, तीन टक्क्यांना तीन मीटर, आणि चढाच्या दोन्ही टोकांना हळूहळू वळण द्यायला जागा लागते ती वेगळी. ४५ सेंमी त्रिज्येचं अख्खं वर्तुळ २८३ सेंमीच भरतं. १२२ बाय २४४ सेंमीच्या पाटावर पाऊण फेरीत गाडी स्वतःच्याच रुळावरून गेलेली दाखवली असेल तर तो प्लॅन कागदावरचाच. वळणावर घर्षण वाढतं, त्यामुळे तीन टक्के आणि वळण एकत्र आलं की सपाटीवर दहा डबे ओढणारं इंजिन तिथे अडतं. सांध्यांचंही, म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो त्या जागांचंही, तसंच. पुस्तकात सांधा म्हणजे नुसती फाटलेली रेघ असते. कितव्या क्रमांकाचा सांधा, म्हणजे फाटा किती तिरका, ते लिहिलं नसेल तर यार्ड निम्मंच बसेल असं धरून चाला.

खऱ्या रेल्वेच्या पुस्तकात गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, वाचल्याशिवाय आराखड्याला हात लावू नका. १४३५ मिमीचं गेज एचओमध्ये बरोबर साडेसोळा मिलिमीटर होतं. १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजला १९.३ लागतात. आराखड्याप्रमाणे बॉडी बांधून ती बाजारच्या साडेसोळाच्या चासीवर (चाकांसकट खालच्या सांगाड्यावर) बसवली की दोन्ही बाजूंची चाकं मिळून पावणेतीन मिलिमीटर आत जातात आणि समोरून बघताच खटकतं. ही तडजोड करायची तर जाणूनबुजून करा. चाकांवरून होणारी इंजिनांची वर्गवारीही देशागणिक बदलते. इंग्रजी पुस्तकातलं २-८-२ फ्रेंच पुस्तकात १४१ असतं, कारण तिथे चाकं न मोजता आस मोजतात. १४१ आर वर्गाचं इंजिन शोधणाऱ्याने त्या पुस्तकाच्या सूचीत २-८-२ पाहिलं तर त्याला काहीच सापडणार नाही.

बांधणी शिवलेलीच घ्या. चिकटवलेलं पुस्तक कामाच्या टेबलावर सपाट उघडत नाही, दाबलं तर कणा तुटतो, आणि दोन पानांवर पसरलेल्या आराखड्याचे मधले काही मिलिमीटर खाचेत जातात, नेमके चालक चाकांच्या जागचे.

वायरिंगची जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका. डीसीसी (रुळांतूनच संकेत पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारी डिजिटल पद्धत) नंतर आली म्हणून त्यातलं रिव्हर्स लूपचं प्रकरण खोटं ठरत नाही. रूळ वळून स्वतःला मिळाला की डावा उजव्याला भिडतो, हे तेव्हाही शॉर्ट होतं, आताही आहे. सांध्यांचं प्रकरण मात्र सांभाळून वाचा. दोन्ही टंग रेल (सांध्यातले सरकणारे निमुळते रूळ) फ्रॉगला (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला) विजेने जोडलेले ठेवा असं त्यात असतं. तशा सांध्यात उघड्या टंग रेलला चाकाची पाठ क्षणभर घासली की शॉर्ट होतो. जुना ट्रान्सफॉर्मर ते पचवायचा. डीसीसीचा बूस्टर, म्हणजे रुळांना वीज पुरवणारं यंत्र, त्याच क्षणी बंद पडतो आणि अख्ख्या मांडणीवरच्या गाड्या थांबतात. त्यावर उपाय असा: प्रत्येक टंग रेल आपापल्या शेजारच्या मुख्य रुळाला जोडा, फ्रॉग दोन्हीकडून कापून वेगळा करा, आणि त्याला सांध्याच्या मोटरवरच्या स्विचमधून वीज द्या.