हवेने थंड होणारी ९११: एका जुन्या कॅरेराच्या खरेदीचा माझा अनुभव

हवेने थंड होणारी शेवटची पोर्शे ९११ कारखान्यातून १९९८ मध्ये बाहेर पडली. म्हणजे अशी गाडी आज घ्यायची म्हटले, तर त्यांतली सर्वांत नवी गाडीसुद्धा पाव शतकाहून जुनी असते, आणि इतक्या वर्षांत तिच्यावर कोणी काय काम केले, ती कुठे धडकली, कुठे उभी राहिली, हे तिच्या पत्र्यावरून आणि तिच्यासोबतच्या कागदांवरून जेवढे वाचता येईल तेवढेच कळते. मी गेली अनेक वर्षे श्टुटगार्टमध्ये वाहनांच्या सुट्या भागांच्या क्षेत्रात नोकरी करतो आणि ज्या त्सुफेनहाउझन उपनगरात ही गाडी बनते, ते माझ्या रोजच्या रेल्वेमार्गावर आहे. जर्मनीतले काही मराठी स्नेही अलीकडे अशाच गाड्यांची चौकशी करू लागल्यामुळे, मी माझी गाडी कशी शोधली, तपासली आणि नावावर करून घेतली, ते सविस्तर लिहितो आहे.

कोणत्या वर्षांतली गाडी घ्यायची, हा निर्णय मी सर्वांत आधी केला आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. १९७८ ते १९८३ या काळातली तीन लिटरची ९११ एससी ही भक्कम गाडी आहे, परंतु तिच्या टायमिंग चेनला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या साखळीला, ताणून धरणारे टेन्शनर इंजिनाच्या ऑइलच्या दाबावर चालत नाहीत. ते निकामी झाले तर चेन उडी मारते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पुष्कळ मालकांनी नंतर सुधारित टेन्शनर बसवून घेतले आहेत, पण ते बसवले आहेत की नाहीत हे प्रत्येक गाडीत वेगळे तपासावे लागते. १९८४ च्या मॉडेलपासून आलेल्या ३.२ कॅरेरामध्ये ऑइलच्या दाबावर चालणारे टेन्शनर कारखान्यातूनच आले. शिवाय तिच्यात बॉशची मोट्रोनिक प्रणाली आहे, जी इंधन आणि ठिणगी दोन्ही सांभाळते, आणि युरोपीय बाजारासाठीच्या ३१६४ सीसीच्या इंजिनाची ताकद २३१ अश्वशक्ती आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी ९११ बंद करून आपल्या ९२८ या दुसऱ्या गाडीवरच भर देण्याच्या विचारात होती. १९८१ मध्ये कंपनीची सूत्रे हाती घेतलेल्या पीटर शुट्झ यांनी तो विचार फिरवला नसता, तर ही कॅरेरा निघालीच नसती, याचेही मला मोल वाटते.

कॅरेरातही दोन गिअरबॉक्स आहेत. १९८६ पर्यंत ९१५ आणि १९८७ पासून जी५०. ओळखायला सोपे आहे: ९१५ मध्ये रिव्हर्स उजवीकडे मागे पडतो, जी५० मध्ये तो डावीकडे पुढे असतो. ९१५ ला घाई चालत नाही. गाडी थंड असताना दुसरा गिअर हलक्या हाताने, क्षणभर थांबून टाकावा लागतो, आणि आधीच्या मालकाने तो वर्षानुवर्षे रेटून टाकला असेल तर सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या, झिजलेल्या असतात. बाजारात जी५० च्या गाड्या महाग आहेत. मला रोज चालवायची नसली तरी डोंगराळ रस्त्यांवर मनापासून चालवायची होती, म्हणून मी १९८७ किंवा नंतरचीच कूपे पाहायची असे ठरवले आणि त्यासाठी लागणारे जादा पैसे साठेपर्यंत थांबलो.

पाहिलेल्या बहुतेक गाड्या मी पत्र्यावरून नाकारल्या. १९७६ च्या मॉडेलपासून ९११ चा सांगाडा दोन्ही बाजूंनी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा आहे आणि त्या वेळी कंपनीने गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली होती. त्यामुळे विक्रेते बिनधास्तपणे सांगतात की, या गाड्या गंजत नाहीत. गंजतात. जिथे पत्रा कापला किंवा वेल्ड केला तिथला मुलामा गेलेला असतो, आणि जिथे पाणी व माती साठते तिथे तो चाळीस वर्षे टिकत नाही. मी प्रत्येक गाडीत आधी दाराच्या चौकटीतला कुलूप अडकतो तो खांब खालपर्यंत पाहत असे, मग मागच्या चाकाच्या पुढे जिथे दाराखालची पोकळ पट्टी संपते तो कोपरा, पुढच्या दिव्यांच्या मागची जागा, बॅटरीखालचा पत्रा, पेट्रोलच्या टाकीभोवतीचा भाग आणि पुढच्या व मागच्या काचेच्या रबराची कड. हे सगळे पाहायला विजेरी, छोटा आरसा आणि गुडघे टेकायला जुनी सतरंजी एवढेच लागते. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मात्र मी विकत घेतले, कारण डोळ्याला एकसंध दिसणाऱ्या रंगाखाली काय आहे ते दुसऱ्या कशानेही कळत नाही. मूळ रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा असतो. म्युनिकजवळ पाहिलेल्या एका अतिशय देखण्या लाल गाडीच्या मागच्या मडगार्डवर हा आकडा हजारावर गेला, म्हणजे तिथे रंगाखाली पुटीचा जाड थर होता. विक्रेत्याने तो भाग कधीच धडकला नसल्याचे सांगितले. मी आभार मानून परत आलो.

इंजिनाविषयी लोक जास्त घाबरतात आणि पत्र्याविषयी कमी. मला वाटते ते उलट असायला हवे. या इंजिनाचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही मिळतो आणि ते उघडून पुन्हा बांधणारे कुशल लोक इथे प्रत्येक मोठ्या शहराजवळ आहेत. खर्च प्रचंड येतो, पण तो आधी मोजता येतो आणि किमतीतून वजा करून मागता येतो. कुजलेला सांगाडा दुरुस्त करताना मात्र एक भाग उघडला की आत दुसरा निघतो, आणि काम संपल्यावरही ती गाडी जशी बनली तशी उरत नाही.

अमेरिकेतून परत आलेल्या गाड्या जर्मन बाजारात बऱ्याच आहेत. कोरड्या राज्यांतून आलेल्या गाडीचा पत्रा सुरेख असू शकतो, म्हणून मी त्या टाळल्या नाहीत, पण त्यांची इंजिने कमी ताकदीची असतात, १९८६ पर्यंत २०७ आणि त्यानंतर २१७ अश्वशक्तीची, आणि पुष्कळदा त्यांवर युरोपीय दिवे व बंपर चढवून त्या इथल्याच असल्याचा भास निर्माण केलेला असतो. चॅसिस क्रमांक हे लगेच सांगतो. युरोपीय बाजारासाठीच्या गाडीच्या क्रमांकात सुरुवातीच्या तीन चिन्हांनंतर झेडची तीन अक्षरे येतात, दहावे चिन्ह मॉडेलचे वर्ष दाखवते, ज्यात एच म्हणजे १९८७, आणि अकरावे एस म्हणजे श्टुटगार्ट. पुढच्या बॉनेटखालच्या आणि सर्व्हिस बुकातल्या चिकटपट्टीवर कारखान्यात बसवलेल्या जादा गोष्टींचे संकेतांक छापलेले असतात. ४७३ म्हणजे पुढचा-मागचा स्पॉयलर, २२० म्हणजे लॉक होणारा डिफरन्शियल, ४९१ म्हणजे टर्बोसारखी रुंद बॉडी. गाडी आणि पट्टी यांत फरक निघाला तर तो का, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार घेणाऱ्याला आहे.

शेवटी जी गाडी घेतली, ती स्वाबियन आल्बच्या डोंगराळ भागातल्या एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांकडे होती. ते तिचे दुसरे मालक. फोनवर मी त्यांना एकच विनंती केली होती की, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नये, आणि पोहोचल्यावर मागचे झाकण उघडून हात लावला तेव्हा ते खरोखर थंड होते. आडव्या सिलिंडरांचे हे इंजिन काही दिवस उभे राहिले की थोडे ऑइल आत झिरपते, त्यामुळे सुरू होताना निळसर धुराचा एक झोत येणे स्वाभाविक आहे. तो लगेच विरला पाहिजे. उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे निळा धूर दिसत राहिला, तर व्हॉल्व्हचे गाइड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यांत सरकतात त्या नळ्या, झिजले आहेत असे समजावे, आणि सुरुवातीच्या ३.२ मध्ये ही तक्रार नेहमीची आहे. या गाडीत तसे दिसले नाही. ऑइलची पातळीही त्यांनी योग्य रीतीने दाखवली, म्हणजे सपाट जागी, इंजिन पूर्ण तापलेले आणि चालू असताना. या ड्राय संप पद्धतीत सुमारे तेरा लिटर ऑइल असते आणि ते वेगळ्या टाकीत राहते, त्यामुळे इंजिन बंद असताना काढून पाहिलेली ऑइल मोजायची काडी काहीच सांगत नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात मोट्रोनिकचा जादा रिले, म्हणजे तिला वीज पुरवणारा स्विच, ठेवलेला होता. हा छोटा रिले बिघडला की गाडी भर रस्त्यात बंद पडते. त्याची जोडी सोबत बाळगणाऱ्या मालकाविषयी माझा विश्वास वाढला.

त्याहून वाढला तो फायलीमुळे. ओडोमीटरमधले प्लॅस्टिकचे छोटे दातेरी चक्र या गाड्यांत हमखास तुटते आणि किलोमीटर मोजणे थांबते, म्हणून काट्याखालच्या आकड्यावर कधीच विसंबू नये. जर्मनीत दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीच्या अहवालावर त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेले असतात. त्यांच्याकडे असे अहवाल जवळजवळ सलग होते, आणि मी ते तारखेप्रमाणे टेबलावर मांडून सर्व्हिसच्या पावत्यांशी ताडून पाहिले. मध्यंतरी आकडा थांबलेला दिसला, त्याच वर्षी ओडोमीटर दुरुस्त केल्याची पावती निघाली. इंजिनाचा क्रमांक क्रँककेसवर पंख्याच्या उजव्या बाजूला कोरलेला असतो; तो पुसून वाचला आणि कागदांशी जुळला.

एवढे झाल्यावरही मी सौदा तपासणीवर अवलंबून ठेवला आणि ती केवळ हवेने थंड होणाऱ्या इंजिनांचे काम करणाऱ्या एका स्वतंत्र गॅरेजमध्ये, माझ्या खर्चाने करून घेतली. विक्रेत्याने आनंदाने संमती दिली. जो देत नाही त्याची गाडी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी लिफ्टवर चढवून मेकॅनिकने खालची व्हॉल्व्ह कव्हरे काढली, कारण या पिढीतल्या इंजिनांत एक्झॉस्टच्या बाजूचे हेड स्टड, म्हणजे सिलिंडरचे हेड घट्ट धरणारे लांब बोल्ट, तुटल्याची उदाहरणे आहेत आणि तुटलेल्या स्टडचे नट तिथेच सापडतात. सगळे जागेवर होते. मग प्रत्येक सिलिंडर वरच्या टोकाला आणून त्यात दाबाची हवा सोडली आणि किती टक्के निसटते ते मोजले. या चाचणीत आकड्यापेक्षा आवाज महत्त्वाचा असतो: हवा एक्झॉस्टमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. सहाही सिलिंडर दहा टक्क्यांच्या आत होते. दोष निघाले ते ऑइलच्या परतीच्या नळ्यांच्या गळतीचे, आणि एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरच्या पातळ झालेल्या पत्र्याचे. पुण्यात माझ्या वडिलांना हे फोनवर सांगताना सोपे गेले, कारण त्यांच्या चेतक स्कूटरचे इंजिनही पंख्याच्या हवेनेच थंड होत असे. फक्त इथे तापलेल्या एक्झॉस्टवरून फिरलेली हवा गाडीच्या आत हीटर म्हणून येते, आणि आतला पत्रा फुटला तर तिच्यासोबत विषारी धूरही येऊ शकतो.

या दोन कामांचा गॅरेजने लेखी अंदाज दिला आणि तेवढीच रक्कम मी किमतीतून कमी मागितली. त्यांनी थोडा विचार करून ती मान्य केली. करारासाठी एडीएसी या वाहनचालक संघटनेचा छापील नमुना वापरला. खाजगी विक्रीत विक्रेता नंतरच्या दोषांची जबाबदारी नाकारू शकतो आणि ते रास्त आहे, म्हणूनच आधीच्या मालकांची संख्या, इंजिन मूळचे असणे आणि त्यांच्या माहितीप्रमाणे अपघात न झाल्याची नोंद करारात लिहून घेतली, कारण जाणूनबुजून लपवलेल्या गोष्टीला हे संरक्षण नसते.

नोंदणी त्यामानाने झटपट झाली. गाडी तीस वर्षांहून जुनी, बहुतांशी मूळ स्वरूपात आणि चांगल्या स्थितीत असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल मिळाला की नंबरपाटीच्या शेवटी एच हे अक्षर येते. त्या पाटीवर वर्षाचा कर सुमारे १९२ युरो इतका ठरावीक आहे, तर धूर शुद्ध करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या याच इंजिनाला साध्या पाटीवर आठशेच्या आसपास भरावे लागले असते. शिवाय श्टुटगार्टच्या पर्यावरण क्षेत्रात, जिथे एरवी कमी प्रदूषणाचे हिरवे स्टिकर लागते, त्याशिवाय जाता येते. विमा कंपनीने मात्र आधी गाडीच्या किमतीचे मूल्यांकन मागितले, तेव्हा ते वेळेत करून घ्यावे.

गाडी आल्यावर पहिले काम केले ते व्हॉल्व्हच्या फटी जुळवण्याचे. इंजिन रात्रभर थंड ठेवून बाराही व्हॉल्व्हची फट ०.१ मिलिमीटर करायची असते. मेकॅनिकने अर्धी करून दाखवली आणि उरलेली माझ्या हातून करून घेतली. ऑइलच्या नळ्या त्याच आठवड्यात बदलल्या. हीट एक्स्चेंजरची स्टेनलेस स्टीलची जोडी मागवली आहे आणि ती हिवाळ्यात बसवायची आहे. तोपर्यंत हीटर बंद ठेवूनच गाडी चालवतो. काढलेली मूळ जोडी टाकून न देता, तिला तारखेची चिठ्ठी बांधून तळघरात ठेवणार आहे आणि नव्या जोडीची पावती त्याच फायलीत लावणार आहे, म्हणजे माझ्यानंतर ही गाडी जो घेईल त्याला काय बदलले आणि केव्हा, हे कोणाला विचारावे लागणार नाही.