टाळकऱ्यांचं विधानभवनात काय काम?

"ताई, तुमचं भजनी मंडळ. हरिपाठ करा, एकादशीला कीर्तन ठेवा. घरकामगारांच्या कायद्यासाठी आमदारांच्या दारात जाऊन बसणं हे देवधर्माच्या माणसांचं काम आहे का?" परळमध्ये मला हा प्रश्न चांगली, भाविक माणसं विचारतात. नातेवाईक विचारतात. एका कीर्तनकार महाराजांनीही विचारला, आणि मायेनंच विचारला. म्हणून आता जरा सविस्तर सांगते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली आणि पंतांनी बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली. बादशहाचं बोलावणं आलं, तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपात जाऊन धान्याचे पैसे भरून आला. कीर्तनात इथे गजर होतो आणि माझे डोळे दर वेळी भरतात. पण धान्य पिकवलं होतं त्याच लोकांनी, आणि ते त्यांच्या तोंडी पडावं म्हणून एका भल्या माणसाला आपली मान पणाला लावावी लागली. पुढच्या दुष्काळात कोठारावर दामाजीपंत नसले तर?

महाराष्ट्रानं या प्रश्नाला कायद्यानं उत्तर दिलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडली. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात 1965 मध्ये त्याचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर पोहोचली आणि 1977 मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता. खडी फोडायला आलेल्या बाईनं साहेबाच्या पाया पडायची गरज उरली नाही. काम हा तिचा हक्क होता.

त्याला पैसा कुठून आला, हे मुंबईकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' म्हणून जी रक्कम कापलेली दिसते, तो कर 1975 मध्ये रोजगार हमीसाठीच आणला गेला. नोकरदारांनी थोडं द्यायचं, सरकारनं तेवढीच भर घालायची आणि त्यातून गावात काम काढायचं. आजही बहुतेक पगारदारांचे वर्षाला 2500 रुपये त्यात जातात. मुंबईनं गावाकडच्या माणसांसाठी केलेलं याहून मोठं काम मला ठाऊक नाही, आणि त्यात कुणाला कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

आता आमच्या परळची गोष्ट. भजनी मंडळात येणारी एक बाई टॉवरमधल्या चार घरी धुणंभांडी करते. सासरे गिरणीत होते. गिरणी गेली आणि आता त्याच जागेवरच्या इमारतीत ती कामाला जाते. घरकामगारांच्या सरकारी कल्याण मंडळात नोंदणी करण्यासाठी तिला कामाचा दाखला हवा होता. छापील अर्ज, खाली मालकिणीचं नाव, पत्ता, सही. चारही घरांतून अर्ज कोरा परत आला. "उद्या तू कोर्टात गेलीस तर?" असं एकीनं तोंडावर विचारलं. त्यातलीच एक बाई दर दिवाळीला तिला साडी आणि मिठाईचा पुडा देते, मुलीच्या दहावीला वह्याही दिल्या होत्या. मनानं वाईट मुळीच नाही. साडी देताना तिचा हात अडखळला नाही, सही करताना अडखळला. कारण साडी दिल्यानं मालकीण काही तिची देणेकरी ठरणार नव्हती.

या सहीला किंमत होती. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. नोंदणी झालेल्या बाईला अपघातात मदत, बाळंतपणाला मदत, मुलांच्या शिक्षणाला मदत अशा तरतुदी त्यात आहेत. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी 10,000 रुपयांचं सन्मानधन आलं. 2021 च्या कोरोनाच्या निर्बंधांत सरकारनं घरकामगारांना 1500 रुपये दिले, तेही नोंदणी असलेल्यांनाच. कागद नाही म्हणजे सरकारच्या लेखी ती बाईच नाही.

आणि हा कायदाही अपुरा आहे. पगार किती, आठवड्याची सुट्टी कुठली, एका सकाळी 'उद्यापासून येऊ नकोस' म्हटलं तर काय, याबद्दल त्यात काही नाही. आम्हाला हवं ते मुंबईत आधी घडलेलं आहे. 1969 च्या माथाडी कायद्यानं हमालांसाठी मंडळ केलं. मालकाची नोंद, कामगाराची नोंद, मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मालकानं भरायची जादा रक्कम, मंडळात जमा, तिथून हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी. मशीद बंदरला पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला अनेक मालक असूनही हे जमलं, तर चार घरी काम करणाऱ्या बाईचं का जमू नये?

म्हणून आम्ही जातो. भजनी मंडळातल्या बायका, बुद्धविहारातल्या बायका, चर्चच्या महिला मंडळातल्या दोघी-तिघी. कामगार हा विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असा आहे, त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवून राज्याला मोकळं होता येत नाही, हे आम्ही आता पाठ केलं आहे. आमदाराला भेटून सभागृहात मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचा तारांकित प्रश्न मागतो, मंत्र्यांचं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना मागतो. अर्थसंकल्पात कल्याण मंडळासाठी किती ठेवले, ते विचारतो. पावसाळी अधिवेशन आणि आषाढी साधारण एकाच सुमारास येतात. वारीला निघालेली माणसं पंढरीच्या वाटेवर असतात आणि आम्ही उरलेल्या जणी आझाद मैदानात टाळ घेऊन. कुणाला मत द्या, हे आम्ही सांगत नाही. कुठल्याही पक्षाच्या माणसाचा सत्कार करत नाही. बुद्धविहारातल्या आजी मात्र प्रत्येक बैठकीत आठवण करून देतात की बाबासाहेबांनी कोकणातली खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, नष्ट करायचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात 1937 मध्ये मांडलं आणि कायदा व्हायला 1949 उजाडलं. त्या हे कुरकुर म्हणून सांगत नाहीत, दम धरायला सांगतात.

महाराजांचं म्हणणं होतं, तुकोबा राजदरबाराची पायरी चढले नाहीत. खरं आहे. पण तुकोबांच्या घरी सावकारी होती आणि त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हेही महाराज स्वतः कीर्तनात सांगतात. परंपरेनं ती कथा बारकाईनं जपली आहे. तुकोबांनी आपल्या वाटणीची खतं बुडवली, धाकटे भाऊ कान्होबा यांच्या वाटणीची त्यांना दिली. संत झाला तरी दुसऱ्याचं खत तो बुडवू शकत नाही. ते करायला कायदा लागतो. 2014 च्या सावकारी कायद्यात बेकायदा सावकारानं बळकावलेली जमीन शेतकऱ्याला परत करायचा आदेश देता येतो. तुकोबांच्या हाती नव्हतं ते आज विधिमंडळाच्या हाती आहे, आणि विधिमंडळ आपण निवडून देतो. मग भक्तानं तिथे जाऊ नये, असं कुठल्या ग्रंथाच्या आधारानं म्हणायचं?

महाराज त्यावर लगेच काही बोलले नाहीत. पण पुढच्या एकादशीच्या कीर्तनात त्यांनी दामाजीपंतांचं आख्यान लावलं आणि शेवटी मंडपातल्या बायकांना नोंदणीच्या अर्जाबद्दल स्वतः सांगितलं. त्या दिवशी आमच्याकडचे अर्ज संपले.

तुमच्या घरी कामाला बाई येत असेल तर तिच्या दाखल्यावर या आठवड्यात सही करा. आणि आपल्या आमदाराला एक पत्र लिहा, मराठीत, चार ओळींचं चालेल: घरकामगारांना किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि माथाडींसारखं मंडळ देणाऱ्या कायद्यासाठी तुम्ही सभागृहात काय करणार आहात? खाली नाव, पत्ता आणि मतदारसंघ लिहायला विसरू नका.