पांढरा बगळा, काळा चिखल आणि मीटरची गल्लत

पक्ष्यांचे फोटो काढायला मुंबईत शिवडीच्या किनाऱ्यावरून चिखलाकडे पाहिलं की तोंड पूर्वेला येतं. सकाळी सूर्य समोर, ओला चिखल आरशासारखा चमकतो आणि रोहित (फ्लेमिंगो) नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. हे सेटिंग बदलून सुधारत नाही, वेळ बदलावी लागते. शिवडी आणि भांडुप पंपिंग स्टेशनच्या खाडीकाठी दुपारी तीननंतर जावं. खाडीपलीकडे ऐरोलीच्या काठावर सकाळीच ऊन पाठीशी मिळतं. त्या वेळी भरती चढत असेल असा दिवस निवडा. पाणी पक्ष्यांना काठाकडे रेटतं.

आता मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग. समोर जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. तिवरांच्या गडद हिरव्यापुढे बगळा असला की मीटर अख्खी फ्रेम उजळवतो आणि बगळ्याची पिसं जळतात. तोच बगळा उडून आकाशापुढे गेला की मीटर उलट फ्रेम काळवंडतो. पण बगळ्यावर पडणारं ऊन तेवढंच आहे! म्हणून ऊन स्थिर असताना मॅन्युअल मोडच वापरा, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायचे, आयएसओसुद्धा (सेन्सरची उजेडाला संवेदनक्षमता) ठरावीक ठेवून. उडत्या पक्ष्यामागची पार्श्वभूमी सेकंदाला बदलते. तिच्यामागे कॉम्पेन्सेशनची (मीटरच्या अंदाजापेक्षा फोटो उजळ-गडद करण्याची) चकती फिरवत बसणं जमत नाही.

सुरुवातीचे आकडे असे. स्वच्छ ऊन पाठीशी असेल तर आयएसओ ४००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर १/१६०० सेकंद. बगळ्यासाठी १/२५००. पाणकावळ्याच्या काळ्या पिसांत तपशील हवा तर १/१०००. दोघं एकाच फ्रेममध्ये असतील तर बगळा वाचवा आणि रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) सावल्या नंतर उचला. जळालेलं पांढरं परत येत नाही, दबलेलं काळं बऱ्यापैकी येतं. हिवाळ्यातल्या धुरकट हवेत हे आकडे अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) उघडावे लागतात.

पहिला फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) पाहा. उन्हात स्क्रीनवरचं चित्र फसवतं. रोहिताच्या बाबतीत तर नुसता पांढरा आलेखही पुरत नाही, लाल, हिरवा, निळा असे तिन्ही वेगळे उघडा. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात लाल आलेख आधी उजव्या भिंतीला टेकतो आणि पंखांवरचा गडद गुलाबी सपाट डाग होतो, तेव्हा एकूण उजेड मात्र ठीकच दिसत असतो. लाल टेकला की एक तृतीयांश स्टॉप कमी करा, पुन्हा पाहा. कॅमेऱ्यातलं पिक्चर प्रोफाइल न्यूट्रल ठेवलंत तर आलेख रॉच्या जास्त जवळचा असतो.

ढग येत-जात असतील तर मॅन्युअल सोडून ऑटो आयएसओ घ्या आणि कॉम्पेन्सेशन द्या: तिवरांपुढच्या बगळ्याला उणे १, पांढऱ्या आभाळातल्या घारीला अधिक १.३ ते २. ही चकती नंतर शून्यावर आणायला विसरू नका. ठरावीक आयएसओच्या मॅन्युअलमध्ये ती फिरवून फोटो उजळत नाही, बऱ्याच कॅमेऱ्यांत फक्त मीटरचा काटा सरकतो आणि मग तो काटा चुकीचं सांगत राहतो.

सूर्य कलल्यावर दर दहा मिनिटांनी एक चाचणी फोटो घ्या. उडणाऱ्या रोहितांना १/२००० लागतोच, तेव्हा शटर सावकाश करण्यापेक्षा ॲपर्चर उघडा, मग आयएसओ ८०० किंवा १६०० करा.