नऊ वाजताचं पाणी

गुहागरच्या त्या पाच दिवसांच्या निवासी शिबिराला मी गेले ती गाईडने ढकललं म्हणून. पीएचडी संपत आलेले किंवा नुकतेच पोस्टडॉक झालेले, वेगवेगळ्या शाखांतले लोक आणायचे, चौघाचौघांचे गट पाडायचे आणि पाचव्या दिवशी एक संयुक्त प्रस्ताव मांडायचा, असा बेत होता. मी संख्याशास्त्रवाली. गटात एक रसायनवाला, एक उपग्रहचित्रांवर काम करणारा आणि एक तिसऱ्यांवर, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांवर, पीएचडी करणारी. ती जवळच्याच मच्छीमार वस्तीतली. राहायला माड-पोफळीच्या वाडीत चिऱ्याचं घर. जेवण उत्तम, नेटवर्क नाही.

पहिल्या संध्याकाळचे ओळखीचे खेळ सोडून देते.

विषय पटकन ठरला: दाभोळच्या खाडीतला खारटपणा आणि तिसऱ्या. तो इतका रंगतदार निघेल असं वाटलं नव्हतं. या खाडीला मिळते वाशिष्ठी, आणि वाशिष्ठीत पावसाखेरीज आणखी एक गोडं पाणी येतं, कोयनेचं. घाटावर अडवलेलं पाणी बोगद्यांतून खाली आणून वीज करतात आणि मग ते चिपळूणकडे वाशिष्ठीत सोडतात. प्रकल्प १९६० मेगावॅटचा. म्हणजे भर उन्हाळ्यात, नद्या आटलेल्या असताना, नदीत गोडं पाणी किती उतरणार हे विजेच्या मागणीवरही ठरतं. पुण्यात पंखे फिरले की इथल्या तिसऱ्यांना फरक पडतो का, असा आमचा प्रश्न. (ते वीजघर पोफळी गावात आणि आम्ही बसलेलो पोफळींखाली, यावर रसायनवाल्याने केलेला विनोद मी इथे देत नाही.)

मग भांडण झालं. मी रसायनवाल्याला विचारलं, "नमुना केवढा?" तो म्हणाला, "बारा." मी खूश. तासाभराने कळलं की बारा म्हणजे एकाच धक्क्यावरून, एकाच वेळी भरलेल्या बारा बाटल्या. त्याच्या लेखी एक बाटली म्हणजे एक नमुना. माझ्या लेखी सगळी निरीक्षणं मिळून एक नमुना. त्यातून त्या बारा बाटल्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी, जेमतेम एकाच निरीक्षणाइतकी माहिती देणाऱ्या. मी ते जरा कुत्सितपणे बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो माझ्याशी फक्त "मीठ दे" एवढंच बोलला.

मनधरणी म्हणून मी आराखडा केला: दर सोमवारी सकाळी नऊला पाणी भरायचं. एकच वार, एकच वेळ, तुलना चोख. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्यांवालीनेही.

तिसऱ्या दिवशी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाताना तिने हळूच विचारलं, "अगं, पण नऊला पाणी कुठलं असेल?" मला प्रश्नच कळला नाही. मग तिने तिच्या घरचा हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे नऊला पाणी चढतंय. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे नऊला उतरतंय. माझ्या शिस्तशीर आराखड्यात एका आठवड्याला समुद्राचं पाणी आत येताना मोजलं जाणार होतं आणि पुढच्या आठवड्याला नदीचं बाहेर जाताना. आलेख छान वरखाली झाला असता आणि मी त्यात कोयना शोधत बसले असते.

"दोन दिवस गप्प का बसलीस?"

"ते घरातलं गणित गं. तुमच्या त्या मॉडेलमध्ये कुठे सांगू?"

मला लाज वाटली, आणि थोडा रागही आला, तिचा आणि स्वतःचा. कारण पहिल्या दिवशी त्या बारा बाटल्यांवरून मी जे बोलले, ते ऐकल्यावर कुणी कशाला तोंड उघडेल?

रात्री आराखडा फाडला. आता वेळ घड्याळाची नाही, भरतीची: पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी, तीन ठिकाणी, उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) आणि भांगेलाही (अष्टमीच्या लहान भरतीला). बाटल्या प्रत्येक वेळी दोनच; रसायनवाला घासाघीस करून तीनवर आला. शोधनिबंधावर कुणाचं नाव कितवं, हेही शिबिरातल्या मॅडमनी त्याच रात्री कागदावर लिहून घेतलं. तेव्हा ते फार व्यवहारी वाटलं होतं. तिसऱ्यांवालीचं नाव पहिलं आहे.

प्रस्तावाला अजून पैसे मिळालेले नाहीत. पाणी सोडल्याच्या रोजच्या आकड्यांसाठी केलेल्या अर्जालाही उत्तर नाही. पण माझ्या टेबलावर आता तिथीवालं कॅलेंडर आहे, आणि येत्या अष्टमीला सहाच्या भरतीसाठी आम्ही दोघी आदल्या रात्रीच वस्तीला जातोय. बाटल्या रसायनवाला पाठवतोय. बारा.