बूच बुडतं, मग मासा का लागत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. हरिपूरचा संगम असो, माहुलीचा घाट असो की धोमचा काठ, गळ टाकून बसणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला, दोऱ्यावर तरंगणाऱ्या बुचाबद्दलचा: "बूच चांगलं खाली जातंय, तरी मासा लागत नाही. आपोआप अडकवणारं एखादं बूच सांगा की."

तसं बूच नसतं. गळ रुतवायचा तो हातानं. बुचाकडून अपेक्षा एवढीच की त्यानं आडवं येऊ नये, आधी माशाच्या आणि मग तुमच्या हाताच्या. दुकानातला तो लाल-पांढरा गोळा दोघांच्याही आडवा येतो.

हिशेब करा. ३ सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याचं घनफळ साधारण १४ घन सेंटिमीटर. तो अर्धा बाहेर तरंगत असेल तर पूर्ण बुडवायला ७ ग्रॅमची ओढ लागते. त्याऐवजी लांबट बुचाचं ३ मिलिमीटर जाडीचं टोक २ सेंटिमीटर बाहेर ठेवलं, तर ०.१४ ग्रॅम पुरते. पन्नास पटींचा फरक. यावर लगेच ऐकवलं जातं, "दोन किलोच्या माशाला सात ग्रॅमचं काय?" काही नाही, ओढायचं ठरवलं तर. पण तो ओढायला आलेलाच नसतो.

रोहू काय करतो ते नीट बघा, कारण सगळं घोडं इथंच अडतं. त्याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो चारा चावून ओढत नाही. ओठ पुढे काढून पाणी आत घेतो, पाण्याबरोबर कणकेची गोळीही जाते. एवढं होईपर्यंत बुचाला पत्ताच नसतो. गळापासून १२ सेंटिमीटरवर शेवटची शिशाची गोळी आहे असं धरा. मधला दोरा ताठ होईपर्यंत वर काही दिसणार नाही. दोरा ताठ झाला की ती गोळी हलते आणि ओढ वर पोचते. वर बारीक टोक असेल तर ते सेंटिमीटरभर खाली बसतं. माशाला वाढीव भार जाणवतो तो ०.०७ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ नाहीच. तो चारा तोंडात धरून वळतो. झटका द्यायचा तो याच वेळी. वर गोळा असेल तर मात्र तो जागचा हलत नाही, नुसता थरथरतो, भोवती एक वलय उठतं. खाली माशाला दोरा अडल्याचं कळतं आणि तो चारा फुंकून टाकतो. तुम्ही काठावर "चाळवतोय, चाळवतोय" म्हणता तोवर खेळ आटोपलेला असतो.

मग कधीकधी गोळा पार खाली जातो तो कसा? एक तर माशानं गळ घशापर्यंत गिळलाय आणि आता तो काढताना मासा फाटणार. नाहीतर बारीक मासळीनं गांडुळाचं शेपूट धरून ओढलंय, किंवा दोरा एखाद्या माशाच्या पंखात अडकलाय. म्हणजे तुम्हाला दिसतात त्या सगळ्यात उशिराच्या किंवा खोट्या ओढी, आणि निष्कर्ष तुम्ही त्यांच्यावरून काढता.

आता हाताचं. काठीपासून बुचापर्यंत दहा-बारा मीटर दोरा पाण्यावर पडलेला, त्याला वाऱ्यानं पोट आलेलं. तुमचा झटका आधी दोरा उचलण्यात जातो, मग पोट सरळ करण्यात, मग नायलॉन ताणण्यात. उरलासुरला जोर दोन्ही टोकांनी बांधलेलं ते धूड पाण्यातून आडवं ओढण्यात संपतो. गळापर्यंत काय पोचणार, कप्पाळ?

म्हणून साठलेल्या पाण्यात लांबट बूच घ्या आणि फक्त खालच्या टोकाला ओवा. गळून पडलेल्या मोरपिसाचा २० सेंटिमीटर दांडा उत्तम. जाडीप्रमाणे दीड ते अडीच ग्रॅम शिसं पेलतो. खालच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवून त्यात तारेची कडी बसवा. दोऱ्यावर दाबून बसवायच्या चिरलेल्या शिशाच्या गोळ्यांपैकी बहुतेक वजन कडीच्या दोन्ही बाजूंना दाबा, बाकीच्या बारीक गोळ्या खाली विखरा. असं बूच झटक्याला आडवं होऊन पाणी कापत येतं. दोऱ्याला भांड्याच्या साबणाचा हात फिरवा, काठीचं टोक पाण्यात बुडवून रीळ दोन वेढे गुंडाळा. दोरा बुडाला की वारा त्याला धरत नाही. वजन घरीच बादलीत जुळवा.

थर्मोकोलचं करणार असाल तर त्यावर थेट नेलपॉलिश किंवा फेविक्विक लावू नका, थर्मोकोल विरघळतो. आधी अराल्डाइटचा पातळ थर द्या. जोंधळ्याच्या ताटातला भेंड हलका खरा, पण चीर पडली की पाणी पितो आणि तासाभरात सगळा तोल बदलतो.

बारीक टोकाचा आणखी एक फायदा कुणी बघत नाही. चारा अधांतरी असेल आणि पाण्यात ०.२ ग्रॅम भरणारी कणीक गळून पडली, तर ३ मिलिमीटरचं टोक जवळजवळ ३ सेंटिमीटर वर येतं. रिकामा गळ घेऊन बसायची वेळ येत नाही. मृगळासारख्या तळाला चरणाऱ्या माशासाठी शेवटची गोळी तळाला टेकवा. त्यानं चारा उचलला की गोळीचा भार सुटतो आणि बूच बुडायच्या ऐवजी उठतं. उठलं तरी झटका द्यायचाच.

पूर्वी मी सरसकट "टोक बारीक घ्या" म्हणायचो. कोयनेच्या पायथा वीजगृहातून विसर्ग चालू असताना कऱ्हाडच्या खाली तो सल्ला पाळून बघा. पाण्याची धार बारीक टोकाला सारखी गिळते आणि प्रत्येक वेळी वाटतं मासाच आला. तिथं फुगीर भाग वरच्या बाजूला असलेलं, दोऱ्याला दोन ठिकाणी धरलेलं, ५ मिलिमीटर टोकाचं बूच बरं. मग झटका मंदावतो त्याचं काय? मंदावतो. दोन्ही गोष्टी एका बुचात मिळत नाहीत, आणि पाणी चढ-उतार करतंय तोवर खोलीही पुन्हापुन्हा मोजावी लागते. बूच झुडपात अडकलं तर दोरा तोडा. भिलवडी ते सांगली पट्ट्यात मगरी आहेत, पाण्यात उतरू नका.

आपोआप झटका देणाऱ्या स्प्रिंगवाल्या बुचाचे व्हिडिओ पाठवू नका. वाऱ्यानं सुटणार नाही इतका घट्ट खटका रोहूच्या ओढीनंही सुटत नाही. मासा स्वतःला अडकवून घेतो अशी मांडणी आहे, पण ती बुचाची नाही: तळाला ६०-८० ग्रॅमचं शिसं, पुढे वीतभर दोरा आणि गळ. टोचलं की मासा दचकून पळतो आणि शिशाचं वजन गळ रुतवतं. ते हवं असेल तर ते करा, मग बुचाबद्दल विचारू नका.

तयार बूच घेताना अंगावर ४+२ असं लिहिलेलं दिसेल. ४ ग्रॅम आत भरलेलं आहे, २ तुम्ही लावायचं. सहा लावाल तर सरळ तळाला.