पाठीमागे हात

फुलांच्या प्रदर्शनात माझी आई शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसारखी चालते. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, मान जरा पुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. डेलियाच्या कुंडीपुढे थांबते, ओठ मुडपते, पुढे सरकते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कंबर धरली असेल. विचारलं तर म्हणाली, "अगं, हात मोकळे असले की खुडलं जातं."

खोटं नाही ते. पन्नास वर्षं तिनं रोज सकाळी परडी घेऊन फुलं काढली आहेत. जास्वंद, तगर, कण्हेर, मोसमात अनंत. फूल दिसलं की पुढे काय करायचं ते तिच्या बोटांना ठाऊक असतं, डोळ्यांना विचारावं लागत नाही. फक्त प्राजक्तापाशी ती वाकते. तो आपणहून सडा घालतो, आणि जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालतं ही सूट आमच्या घरी त्याला आणि बकुळीलाच. संध्याकाळी दिवेलागण झाली की कुठल्याच झाडाला हात लावायचा नाही. झाड झोपतं म्हणे.

(आमच्या गल्लीत सकाळी फिरायला येणारे दोन-तीन गृहस्थ आहेत. कंपाउंडबाहेर डोकावणारी फांदी काठीच्या आकडीनं खाली ओढतात आणि दुधाची रिकामी पिशवी फुलांनी भरतात. देवासाठी घेतलेलं फूल चोरीत धरत नाहीत, असं त्यांचं शास्त्र. आईचं याबाबतचं मत छापण्याजोगं नाही.)

तर प्रदर्शन. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आसपास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये ते भरतं, आणि आम्ही मायलेकी चुकवत नाही. बोन्साय, जपानी पद्धतीच्या पुष्परचना, बक्षिसाची पट्टी लावलेली वांगी, सगळं असतं. गर्दीही अशी की फुलापेक्षा फुलासमोर फोटो काढणारेच जास्त दिसतात. खरं सांगायचं तर प्रदर्शन हे निमित्त. मला तिथली मूळ बाग आवडते. नाव व्हिक्टोरिया राणीच्या 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या किताबावरून पडलेलं, पण आतली जुनी झाडं बघितली की राणी वगैरे कालपरवाची वाटते. तिथली गारंबी तर बघाच. वेल म्हणायचं त्याला, पण अजगरासारखा जाड, पीळ पडलेला, या झाडावरून त्या झाडावर गेलेला. सुरुवात कुठे, शेवट कुठे, कळत नाही. गारंबीची शेंग हातभराहून लांब होते आणि तिच्या चपट्या, चॉकलेटी बिया समुद्रातून वाहत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात. गारंबीपाशी आईचे हात सुटतात. तिथे खुडण्यासारखं काही नसतं, म्हणून ती खोडावर नुसता तळवा ठेवते. गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

हातांची ही खाज माझ्याकडे वारशानं आली, पूजा मात्र आली नाही. मग खुडलेल्या फुलांचं करायचं काय? मी ती ओव्हनमध्ये घालू लागले. आई त्या ओव्हनला भट्टी म्हणते.

पहिला बळी गोकर्णाचा. आमच्या बाल्कनीच्या ग्रिलवर निळ्या गोकर्णाचा वेल आहे. त्याची लागवड वगैरे मी केली नाही, एका कुंडीत बी पडलं आणि पुढचं त्यानंच बघितलं. मलेशियात या फुलांच्या रंगात भात शिजवतात, थायलंडमध्ये सरबत करतात, हे वाचलेलं होतं. म्हटलं, आपण केक करू, निळाशार. मूठभर फुलं, हिरवा देठ काढून, कोमट दुधात टाकली. दहा मिनिटांत दूध असं निळं झालं की जणू रांगोळीची पुडी सांडली. त्यात मैदा, लोणी, साखर, बेकिंग पावडर, आणि वरून खाण्याचा सोडा, जरा सढळ हातानं. पस्तीस मिनिटांनी भट्टी उघडली तर आत शेवाळ. अगदी पावसाळ्यात गच्चीच्या कोपऱ्यात धरतं तसं, हिरवट-राखाडी. पोरानं सुरीच्या टोकानं एक तुकडा उचलला, बराच वेळ बघितला आणि ठेवून दिला. आई म्हणाली, "गोकर्ण महादेवाला वाहतात. सोड्यात नाही घालत."

चूक सोड्याचीच होती. गोकर्णाचा निळा रंग भलता हलका आहे. आंबट भेटलं की जांभळा होतो, सोडा भेटला की हिरव्याकडे झुकतो. त्यात लोणी पिवळं, मग विचारायलाच नको. पुढच्या वेळी केक साधाच केला आणि फुलांचा निळा अर्क पिठीसाखरेत कालवून वरून ओतायला घेतला. त्यात लिंबाचे चार थेंब पिळले. वाटीतला निळा रंग चमच्याच्या मागोमाग जांभळा होत गेला. फोनमध्ये डोकं घातलेलं पोर उठून आलं आणि म्हणालं, "परत कर." त्याच्या शाळेतल्या लिटमसच्या कागदानं जे जमलं नव्हतं ते एका वेलानं केलं. त्या दिवशी चार लिंबं संपली.

गुलकंदाचा केक मात्र कधी बिघडत नाही. एक वाटी रवा, पाऊण वाटी दही, अर्धी वाटी गुलकंद, साखर अगदी नावाला. रवा अर्धा तास भिजू द्यायचा, एवढाच धीर लागतो. गुलकंद आईच्या हातचा. बरणीत गावठी गुलाबाच्या पाकळ्यांचा थर, वर खडीसाखरेचा थर, पुन्हा पाकळ्या. मग तीन-चार आठवडे उन्हात. फुलवाल्याकडचे लांब दांडीचे लालभडक गुलाब यासाठी चालत नाहीत. त्यांना वास नसतो, आणि फवारा काय मारलेला असतो देव जाणे. म्हणून जे फूल पोटात जायचं ते घरच्याच झाडाचं, हा आमचा नियम. आणखी एक नियम आईनं घातला. एकदा मी केकवर मांडायला कण्हेरीची गुलाबी फुलं धुऊन ठेवली होती, काय सुरेख दिसत होती! तिनं ताटली उचलून सरळ कचऱ्यात उपडी केली. "देवाला चालते कण्हेर. देव खात नाही म्हणून." कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी असते. बिट्टीसुद्धा.

घरातल्या कुंड्यांशी आईचं फारसं जमत नाही. फुलत नाही असं झाड कशाला पाळायचं, असा तिचा सवाल. मनीप्लांटला तर ती 'फुकट खाऊ' म्हणते. मी एकदा तिला सांगितलं की बिचारा मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाचा, आणि फुलायला लागणारं संप्रेरक त्याच्या अंगात तयारच होत नाही. १९६४ नंतर तो आपणहून फुलल्याची नोंद नाही. आईनं हातातला पेला ठेवला. "एवढ्या वर्षांत एकदाही नाही?" तेव्हापासून ती त्याची पानं ओल्या फडक्यानं पुसते. फुकट खाऊ म्हणणं बंद.

आणि ब्रह्मकमळ. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चार वर्षांपूर्वी एक पान दिलं होतं, मातीत खोचायला. पान म्हणायचं इतकंच, खरं तर ते चपटं झालेलं खोड. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, आपलं हे मेक्सिकोकडचं निवडुंग. पण ते कुणाला सांगायला जाऊ नये. यंदा जुलैत त्याला तीन कळ्या आल्या, बदकाच्या मानेसारख्या वाकलेल्या. तिसरी वर उचलली तशी मी सोसायटीत निरोप पाठवला. रात्री नऊला आमच्या पाच फूट बाल्कनीत अकरा माणसं. कुणी उदबत्ती आणली, कुणी पेढे. मी गुलकंदाचा केक कापला. पाकळ्या थरथरत सुटत होत्या, वास पार जिन्यापर्यंत गेला होता. काकू म्हणाल्या, "वहिनी, हात लावून बघा, किती मऊ आहे!" आई सगळ्यांच्या पुढे उभी होती, हात पाठीमागे. बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली. "नको. असू दे."

सकाळी सातला मी चहा घेऊन बाल्कनीत गेले. फूल मान टाकून लोंबत होतं, रात्रीच्या लग्नातल्या फेट्यासारखं. आई त्याच्यासमोरच उभी. तिनं मागचे हात सोडले, दोन बोटांनी अलगद ते खुडलं, वास घेतला, उलटंसुलटं करून बघितलं.

"काय गं," ती म्हणाली, "हे तुझ्या त्या भट्टीत चालेल का?"