फ्रीजरमधला कोंबडा

गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत, फिनिक्सच्या घरी फडताळावर पांढरी पूड दिसली. बोटावर घेतली तर मैद्यासारखी मऊ. वर उभा होता आमचा लाकडी नावाहो कोंबडा (नावाहो म्हणजे अमेरिकेतली एक मूळ रहिवासी जमात), न्यू मेक्सिकोतल्या गॅलपच्या शनिवारच्या बाजारातून आणलेला. हातभर उंच, कॉटनवूड झाडाच्या लाकडाचा, लाल तुरा, अंगभर ठिपके. (बाजारात तासभर उशिरा पोहोचलो होतो. उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोचं घड्याळ पुढे जातं, फिनिक्सचं नाही.) उलटा करून पाहिला, तर पोटाखाली टाचणीने टोचल्यासारखी तीन भोकं.

कुडाळला आईला फोन केला. सावंतवाडीच्या खेळण्यांचं पांगाऱ्याचं लाकूड तिच्या ओळखीचं. "अगो, हलक्या लाकडाक कीड लागताच. रॉकेल लाव." रॉकेलने रंग उतरला असता. फवारा मारायचा, तर विषारी कोंबडा दिवाणखान्यात ठेवायचा कसा?

टाकवतही नव्हता. नावाहोंमध्ये माणसाची लाकडी आकृती कोरायची ती उपचाराच्या विधीसाठी. स्वतः वैद्य असलेल्या चार्ली विलेटोने 1960 नंतर तशा आकृत्या कोरून ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे वस्तूंची अदलाबदल करणाऱ्या दुकानात, किराण्याच्या बदल्यात द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते अनेकांना खटकलं. 1964 साली तो वारला. आज त्याचं काम वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कोंबड्यामागे असलं काही ओझं नाही, पण कोरणाऱ्या आजोबांनी तो माझ्या हातात दिला होता, तेव्हा त्याचा रंगही धड वाळला नव्हता.

संग्रहालयं अशा वस्तू गोठवतात: उणे 20 अंश सेल्सियस, किमान आठवडाभर. आमच्या फ्रीजरमध्ये थर्मामीटर ठेवला, तर उणे 14. दार सारखं उघडतं, त्यात खवलेला नारळ आणि मटार. शेवटी मंडळातल्या एका मैत्रिणीच्या गॅरेजमधला डीप फ्रीजर मागितला. "मोदकांच्या शेजारी किडे?" म्हणाली, पण दिला.

कोंबडा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळला, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घातला, हवा दाबून काढली, चिकटपट्टीने बंद केला. एक आठवडा आत, एक दिवस बाहेर, पुन्हा एक आठवडा आत. खरी परीक्षा बाहेर काढल्यावर. पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर हवेतला ओलावा गार लाकडावर धरतो आणि रंग फुगतो. पूर्ण 24 तास तशीच ठेवायची. दव पिशवीच्या बाहेर जमलं, पुसून टाकलं. नवऱ्याने दोनदा विचारलं, "आता उघडू?" दोनदा हात मागे घ्यायला लावला.

तुऱ्याजवळ केसाएवढी चीर पडलीच. ती गोठवल्यामुळे की आधीपासून होती, सांगता येत नाही, कारण आधी फोटो काढायचं सुचलं नव्हतं. तुम्ही काढा.

मऊ ब्रशने भोकं झाडली आणि कोंबडा काळ्या कागदावर उभा केला. जुनी पूड हलवलं की थोडी सांडतेच. न हलवता ताजी ढिगली दिसली, तरच आत कोणी जिवंत. चार महिने झाले, कागद काळाच आहे. आई दर रविवारी आधी कोंबड्याची चौकशी करते, मग माझी.